न्हाव्याच्या खुर्चीवरून भांडण

आमच्या घरात सिनेमा संपल्यावर 'छान होता' म्हणून उठून जायची सोय नाही. "छान तर चहाही असतो," अण्णा म्हणायचे, "सिनेमा कसा होता ते सांग." अण्णा म्हणजे माझे सासरे. रविवारी दुपारची जेवणं उरकली की पडदे ओढायचे, एखादा जुना सिनेमा लावायचा आणि संपला की प्रत्येकाने आपलं मत द्यायचं. आधी मत, मग चहाचा कप. पाहुण्यांनाही सूट नाही. एकदा शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूस दारात उभा राहून शेवटचा भाग बघत होता, तर त्यालाही धरून बसवलं. बिचारा हातात पाना घेऊन म्हणाला, "घोडा मात्र मनापासून पळाला." अण्णा खूश. पुढे कितीतरी दिवस आम्हाला ऐकवत होते, की सिनेमा बघायला नजर लागते नजर.

मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या माहेरी पोरींना काय वाटतं हे विचारायची पद्धतच नव्हती. माझ्या कपड्याचा रंगसुद्धा काका ठरवायचे. त्यामुळे पहिल्या रविवारी मी आपली कोपऱ्यात मूग गिळून बसले होते. अण्णांनी त्यांचा लाडका मूकपट लावला होता. त्यात एक न्हावी असतो. त्याच्या दुकानातल्या खुर्चीला चाकं असतात, आणि दुकान उतारावर. गिऱ्हाईक तोंडाला फेस लावून झोपलेलं, आणि खुर्ची सुटते. दारातून बाहेर, रस्त्याने खाली, भाजीवाल्यांमधून, बँडपथकामधून. आणि हा न्हावी काय करतो, तर शेजारून धावत धावत दाढी करत राहतो. शेवटी खुर्ची तळ्यात जाते, गिऱ्हाईक जागं होतं, गालावरून हात फिरवतं आणि मान डोलवतं. दाढी एकदम गुळगुळीत.

सगळे हसले. माझी नणंद, म्हणजे वन्सं, डोळे पुसत होत्या. नवऱ्याने काहीतरी ठरलेलं मत दिलं. वन्सं म्हणाल्या, "अण्णा म्हणतात तेच." त्या नेहमी तेच म्हणायच्या. मग अण्णा माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुझं?"

मी नुसतं 'छान' म्हणणार होते. पण माझ्या जिभेला लहानपणापासून लगाम नाही, नुसती ती बांधून ठेवलेली. ती सुटली. म्हटलं, "तो न्हावी मूर्ख आहे. आधी खुर्ची अडवायची, दाढी मग. तुम्ही इतकी वर्षं बस चालवलीत ना? आणि ब्रेक न लावणाऱ्याचं कौतुक करता?"

नवऱ्याला ठसका लागला. अण्णांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं, आता माहेरी रवानगी. पण ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "असं? मग ऐक." आणि दिवे लावायची वेळ होईपर्यंत माझ्याशी भांडले. मी बोलले की ऐकायचे, पूर्ण ऐकायचे, मग तुटून पडायचे. "तो खुर्चीला घाबरतच नाही गं," म्हणाले, "तो घाबरतो ते गिऱ्हाइकाला खरचटेल म्हणून. हातातलं काम सोडायचं नाही, ही गोष्ट आहे ती." मी म्हटलं, गोष्ट गेली तळ्यात. अण्णा इतके हसले की काही विचारू नका. लग्न आधीच झालं होतं, पण या घरची मी त्या दिवशी झाले. आजवर मला कुणी पुष्कळ काही दिलं असेल, पण त्या माणसाने मला भांडायला जागा दिली, आणि ते उपकार मी जन्मात विसरणार नाही.

तेव्हापासून आमचं दोघांचं जमलं म्हणजे अजिबात जमलं नाही. त्यांना बोलके सिनेमेच आवडत नसत, आणि माझ्या आवडीचे, रेखाटलेल्या चित्रांचे, तर त्याहून नाही. त्यांचं म्हणणं असं, की मी आयुष्यभर बसच्या काचेतून मूकपटच पाहिला. रस्त्यावरची माणसं तोंड हलवतात, हात हलवतात, ऐकू काही येत नाही, तरी कोण नवऱ्यावर चिडलीय आणि कुणाची नोकरी गेलीय ते मला कळायचं. तोंडाने सांगावं लागलं म्हणजे नटाला अभिनय येत नाही.

मी बेकरीत केकवर नक्षी काढते. गुलाबाच्या पाकळ्या, नावं, वेलबुट्ट्या. त्यामुळे माझा जीव हाताने काढलेल्या जुन्या चित्रांच्या सिनेमांवर. मी म्हणायचे, तुमच्या सिनेमात झाड असतं ते आपोआप असतं, आमच्यात एकेक पान कुणीतरी बसून काढलेलं असतं. माझा सगळ्यात आवडता होता तो बगळीचा. तिचा पंख मोडलेला, थवा उडून जातो, आणि ती त्यांच्यामागे चालत निघते. डोंगर, दलदल, शहर, सगळं चालत.

"पाय दुखले का एकदा तरी तिचे?" अण्णा विचारायचे. "चित्राचे पाय ते. माझा न्हावी खराखुरा पडतो. लागतं त्याला."

"तिचे नसतील दुखले, पण ज्याने पाऊल पाऊल काढलं त्याचे हात दुखले असतील की."

"आणि तुम्हा चित्रवाल्यांना आया मारायची एवढी हौस का असते? सिनेमा सुरू झाला नाही तोवर आई गेलीच."

"आई जिवंत असती तर पोराला घराबाहेर पडू दिलं असतं का? मग गोष्ट कशी झाली असती?"

यावर अण्णा विषय बदलायचे. मग म्हणायचे, "रंग काढून टाक त्यातले, काय उरतं?"

"तुमच्यातलं पडणं काढून टाका, काय उरतं?"

नवरा मधे बसून चहा प्यायचा, कधी इकडे बघ कधी तिकडे. वन्सं जवळच राहतात, त्या दर रविवारी यायच्या आणि अण्णांची री ओढायच्या. मला त्यांचा राग यायचा, खरं सांगते. वाटायचं, बाई गं, तुला स्वतःचं म्हणून काही डोकं आहे की नाही?

मग अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला आणि ते खाली बसले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि बोलणं बंद. सगळं कळत होतं त्यांना. शब्द तेवढे येत नव्हते. घशापर्यंत यायचे आणि तिथेच मरायचे.

डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढू देऊ नका, त्यांना त्रास होईल असं काही करू नका. झालं! वन्संनी ते वाक्य पदराला बांधलं. दाब मोजायचं यंत्र घेऊन त्या सकाळ-संध्याकाळ हजर. घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. अण्णांनी नुसतं पाण्याकडे पाहिलं की पाणी. उशीकडे पाहिलं की उशी. आणि रविवारी सिनेमा लागला की संपल्यावर सगळे एका सुरात, "किती छान ना अण्णा? तुमचा आवडता! काय सुंदर!" आधी मत, मग चहा, ते गेलंच. आता चहा आयता आणि मत एकच.

मीही तेच केलं. मीही म्हटलं, "छान होता, अण्णा." भीती कुणाला नसते? माझ्या एका शब्दाने त्यांना काही झालं असतं तर? पण मी तसं म्हटलं आणि अण्णांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या रविवारी सिनेमाभर तोंड भिंतीकडेच.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. मी त्यांना मनातल्या मनात बोलकीबाई म्हणायचे, कारण आमच्या घरात तेव्हा मोकळेपणाने बोलणारं एवढं एकच माणूस होतं. त्या अण्णांसमोर आरसा धरायच्या, 'आ' करा, 'मा' म्हणा. अण्णा डोळे मिटून घ्यायचे. एक दिवस दारात चपला घालताना बोलकीबाई मला म्हणाल्या, "हे पहिले महिनेच महत्त्वाचे असतात. त्यांनी आता प्रयत्न सोडला तर पुढे अवघड आहे."

"मग काय करायचं?"

"त्यांना बोलायची गरजच पडत नाहीये हो. तुम्ही सगळं हातात देता. सगळ्याला हो म्हणता. माणूस बोलणार कशाला?"

मनात म्हटलं, आपण या माणसाला मायेने गप्प करतोय. आणि तो या घरातला सगळ्यात बोलका माणूस.

पुढच्या रविवारी वन्सं स्वयंपाकघरात होत्या आणि नवरा औषधं आणायला गेला होता. न्हाव्याचा सिनेमा नुकताच संपला होता. मी अण्णांच्या खुर्चीसमोर जाऊन बसले. म्हटलं, "अण्णा, खरं सांगू? मला तर वाटतं त्या न्हाव्याला दाढी करता येतच नाही. सगळं नशिबाने झालं. त्या जागी माझी बगळी असती ना, तर पंख मोडलेला असूनही तिने खुर्ची अडवली असती."

त्यांनी मान वळवली. डोळे मोठे झाले.

"आणि पळतो तो कसा? बदकासारखा."

डावा हात खुर्चीच्या दांड्यावर धाडकन आपटला. "ना..." म्हणाले. "ना... ना..." मान लाल झाली, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. मी घाबरले, पण माघार घेतली नाही. म्हटलं, "काय ना? नीट सांगा."

"नाही!" अण्णा ओरडले. अख्खा शब्द. हाताच्या फटक्याने समोरचा पाण्याचा पेला उडाला आणि भिंतीपर्यंत गेला.

वन्सं धावत आल्या. फरशीवर पाणी, अण्णा थरथरतायत, आणि मी वेड्यासारखी हसतेय. त्यांनी आधी दाब मोजला. वाढलेला होता, बराच. मग माझ्याकडे वळल्या. "तुला लाज वाटत नाही? आजारी माणसाशी भांडतेस? जीव घ्यायचाय का माझ्या बापाचा?"

"ते बोलले, वन्सं! 'नाही' म्हणाले!"

"ओरडले. तू ओरडायला लावलंस."

नवरा आला तेव्हा घराचा आखाडा झालेला. तो बिचारा कुणाच्या बाजूने बोलणार? बहिणीच्या डोळ्यांत पाणी, बायकोच्या डोळ्यांत आग. शेवटी मला आत नेऊन हळूच म्हणाला, "अगं, थोडे दिवस रविवारी तू बेकरीतच थांबशील का? ताई फार घाबरलीय."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं कशाला बोलू, दाबाचा तो आकडा मीही पाहिला होता. रात्रभर मला तो मनातून पुसता येईना. वन्संचं खरं असेल तर? मी हो म्हटलं.

त्यानंतरचे रविवार मी बेकरीत काढले. गुलाब काढत होते, पण पाकळ्या कोबीच्या पानांसारख्या यायच्या. मालकीणबाई म्हणाल्या, "हा केक वाढदिवसाला जायचाय, सांत्वनाला नाही." घरी गेले की नवरा सांगायचा, अण्णा आज जेवले नाहीत. अण्णांनी आज बोलकीबाईंचा आरसा पालथा घातला. अण्णांचा दाब एकदम छान आहे. दाब छान आणि माणूस विझत चाललेला.

असाच एक रविवार होता. मी क्रीमची पिशवी भरत होते आणि फोन आला. नवरा. "अगं, ताबडतोब ये. अण्णा..." पुढे त्याला नीट सांगताच येईना. मी एप्रन अंगावर तसाच ठेवून धावत सुटले. वाटेत काय काय मनात आलं ते सांगत नाही.

घरात शिरले तर अण्णा खुर्चीत ताठ बसलेले, चेहरा लालबुंद. टीव्हीवर न्हाव्याच्या सिनेमाचं शेवटचं चित्र थांबवलेलं. वन्सं स्टुलावर बसून हमसून हमसून रडतायत.

"काय झालं?"

"त्यांची आठवण गेली गं," वन्सं म्हणाल्या. त्या भांडणापासून माझ्याशी धड बोलत नव्हत्या, पण आता माझाच हात धरला. "सिनेमा संपला, मी म्हटलं, किती छान ना अण्णा. तर म्हणाले, टुकार. स्वतःच्या आवडत्या सिनेमाला टुकार म्हणाले! पुन्हा पुन्हा म्हणतायत. त्यांना काही आठवतच नाहीये."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

नवरा म्हणाला, "मी म्हटलं, हो अण्णा, टुकारच आहे, बंद करू या. तर आणखीच भडकले."

मी कपाळावर हात मारला. त्याही वेळी हो ला हो!

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. डावं बोट टीव्हीकडे केलं. ओठ जुळवायला त्यांना किती कष्ट पडत होते ते दिसत होतं. "टु... कार," म्हणाले. आणि थांबले. वाट बघत. त्या वाकड्या तोंडाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि मला सगळं समजलं. अहो, आठवण कसली जातेय! आम्ही कुणी भांडत नाही म्हणून या माणसाने स्वतःच्या जिवाभावाच्या सिनेमाला शिवी दिली होती.

"काय म्हणालात?" मी पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या. "टुकार? तोंड सांभाळून बोला अण्णा! तो सिनेमा टुकार?"

"टुकार," अण्णा म्हणाले. या वेळी जरा लवकर आला शब्द.

"अहो, त्या न्हाव्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही! खुर्ची सुटली, जग उलटंपालटं झालं, पण त्याचा जीव कशात? गिऱ्हाइकाच्या गालात! हातातलं काम सोडत नाही तो!" मी बोलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही मला फुरसत नव्हती. वर्षानुवर्षं ज्या सिनेमाला नावं ठेवली त्याची मी वकिली करत होते, तीही त्यांच्याच वाक्यांनी.

"ब्रे..." अण्णा म्हणाले. कपाळाला घाम. "ब्रेक... नाही... लावत."

"ब्रेक बसला लावतात! माणुसकीला ब्रेक असतो का?"

"बद...क," अण्णा म्हणाले, आणि हसले. खांदे हलेपर्यंत हसले. आवाज फाटका होता, पण त्यांचाच होता.

वन्सं यंत्र घेऊन धावल्या. डाव्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बघितला. "थोडासाच वाढलाय," म्हणाल्या, जशी काही यंत्राचीच चूक होती. मग ते मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. आम्ही दोघं भांडत होतो. एकेक शब्दाला अण्णांना वेळ लागत होता, आणि मी थांबत होते. ते माझ्यासाठी थांबले होते ना, मी नवी असताना.

एकदम वन्सं म्हणाल्या, "मला तो सिनेमा कधीच आवडला नाही."

इतक्या हळू म्हणाल्या की आधी मला वाटलं, यंत्राला म्हणतायत.

"लहानपणापासून नाही आवडला," त्या म्हणाल्या. मान खाली. "तो वस्तरा आणि तो गळा आणि ती खुर्ची गदगदा हलतेय... मला फार भीती वाटायची. खुर्ची दारातून बाहेर पडली की मी डोळे मिटून घ्यायचे. तुम्ही हसलात अण्णा, की मी पण हसायचे. तळ्यात पडतो ते मी तुमच्या तोंडून ऐकलंय. शेवट मी कधी बघितलेलाच नाही."

मला माझीच लाज वाटली, या बाईला डोकं नाही म्हणत होते मी. तिच्याकडे मत होतं. ती ते बापाच्या आनंदासाठी डोळ्यांमागे दाबून बसली होती, पिकल्या केसांची होईपर्यंत.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने शेजारची खुर्ची थोपटली. वन्सं उठून तिथे बसल्या, शाळेतल्या मुलीसारख्या अंग चोरून. अण्णांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "लाव," म्हणाले.

"परत? अण्णा, तिला भीती वाटते म्हणतेय ना."

"लाव."

सिनेमा पहिल्यापासून सुरू झाला. न्हाव्याने फेस घोटला. गिऱ्हाईक पेंगलं. खुर्चीचं चाक जरासं सरकलं, आणि वन्संनी डोळे मिटायच्या आत अण्णांनी आपला डावा हात उचलून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. त्यांनी तो खाली येऊ दिला नाही. भाजीवाले गेले, बँडपथक गेलं, वस्तरा हवेत चमकला. वन्सं त्या हाताखाली मुकाट बसून होत्या. मी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. मला त्या क्षणी या घराबद्दल, या म्हाताऱ्याबद्दल, ज्या कुणी तो सिनेमा काढला त्या माणसाबद्दल इतकी कृतज्ञता वाटत होती, की भांडायला शब्द उरला नाही.

खुर्ची तळ्याच्या काठाला आली. अण्णांनी हात बाजूला घेतला.

"आता... बघ."

वन्संनी पाहिलं. पाणी उडालं, न्हावी बुडाला, वर आला, त्याच्या डोक्यावर शेवाळ. अण्णा नेहमी इथेच हसतात, आता नाही हसले, ते वन्संकडे बघत होते. वन्सं गंभीर. गिऱ्हाइकाने गालावरून हात फिरवला, मान डोलवली. तरी गंभीर. मग मागे, अगदी कोपऱ्यात, एक कुत्रं वाहत आलेला साबणाचा ब्रश तोंडात धरून निघून जातं. आम्ही इतक्या वेळा सिनेमा पाहिला, ते कुत्रं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. वन्सं त्या कुत्र्याला हसल्या. एकट्याच, मोठ्याने.